पहाटेच्या सुरावटीचा निर्वासित जनक

लोहाऱ्यासारख्या गावात एके काळी दिवस उजाडे तो रेडिओवरील एका सुरावटीने. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे ते मोजके स्वर उमटले की मास्तर अंथरूण सोडीत आणि कारकून घड्याळ लावून घेत. आकाशवाणीची ही धून बांधण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन हिटलरशाहीमुळे मायभूमीला पारखे झालेले ज्यू होते, हे त्या श्रोत्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबादचा. बर्लिन व प्राग येथे त्यांनी संगीताचे अध्ययन केले; परंतु प्रागमधील आपले प्राध्यापक नाझींचे पाठीराखे आहेत असे कळताच त्यांनी डॉक्टरेट नाकारली. १९३४ साली ते मुंबईस आले. येथील संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांना प्रथम अगम्य वाटल्या. तथापि कोट्यवधींना जे प्रिय आहे त्यात अर्थ असलाच पाहिजे, उणीव आपल्याच कानांत आहे, असे मानून ते शिकत राहिले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी १९३७ पासून १९४६ पर्यंत काम केले. शिवरंजनीच्या छायेतील ती धून १९३६ च्या सुमाराची.

युरोपात मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे त्यांच्या घरातही कळून चुकले होते. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. तिच्या आईला १९४१ साली लोड्झ येथील ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत पाठविण्यात आले. ती परतली नाही.

१९४६ साली कॉफमन यांनी भारत सोडला. पुढे कॅनडातील विनिपेग येथे वाद्यवृंदाचे संचालन आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबई सोडून दोन दशके लोटल्यावरही त्यांचे चित्त येथील रागांतच गुंतलेले होते. उत्तर भारतीय रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली व दक्षिणेतील रागांवरील १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

रझाकारांच्या काळात जीव मुठीत धरून सोलापूरच्या बाजूला आसरा शोधणारी माणसे धाराशिव जिल्ह्याने पाहिली आहेत. परागंदा होणे म्हणजे काय, हे या मातीला सांगावे लागत नाही. दारी आलेला निर्वासित आपल्या अन्नात वाटेकरी होईल, ही भीती मात्र सर्वत्र आढळते. कॉफमन यांना या देशाने आसरा दिला. त्यांनी या देशाच्या सकाळला सूर दिला. आसरा मागणाऱ्याची शिधापत्रिका तपासताना हा हिशेबही ध्यानात ठेवावयास हवा.