ख्रिस्तवासी लक्ष्मीबाई टिळक

परमेश्वराचें गौरव सूर्योदयांत, समुद्राच्या लाटांत व तारांगणांत दिसतें हें कोणीही कबूल करील. परंतु ज्या घरांत अन्न नाहीं, ज्या अंथरुणावरचा ताप उतरत नाहीं, ज्या अंगणांत गेलेल्या लेंकराचीं पावलें पुन्हां उमटणार नाहींत, तेथेंही तेंच गौरव वसतें काय? ईयोबानें हा प्रश्न राखेंत बसून विचारला. पौलानें आपल्या देहांतील कांट्यासाठीं तीनदां प्रार्थना करून तोच विचारला. ज्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात, त्या आपल्या अहमदनगर जिल्ह्यांत एका बाईंनीं या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधलें नाहीं. तें त्यांनीं आपल्या आयुष्यानें दिलें. त्यांचें नांव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं गोखल्यांच्या घरांत झाला. माहेरीं त्यांना मनू म्हणत. वडील अतिशय कर्मठ होते. घरांतील सोंवळें इतकें कडक कीं बाजारांतून आलेला जवळजवळ प्रत्येक जिन्नस धुतल्यावांचून आंत घेतला जात नसे. मुलींनीं शिकावें ही कल्पनाच त्या घरांत नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षीं मनूचें लग्न नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें व ती लक्ष्मी झाली. टिळक विद्वान, कवि, उदार व तितकेच शीघ्रकोपी. हातांत पैसा टिकत नसे व पाय एका गांवीं ठरत नसे. कित्येकदां ते घरांतून न सांगतां निघून जात, आणि मागें राहिलेल्या पत्नीनें उद्यांची चूल कशी पेटवावी याचा विचार त्यांच्या मनाला शिवतही नसे. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती मात्र याच पतीच्या हट्टानें. पोटचीं मुलें अकालीं गेलीं; १८९१ सालीं जन्मलेला दत्तू तेवढा हातीं लागला.

पुढें १८९३ सालीं आगगाडीच्या एका प्रवासांत टिळकांना एका युरोपियन गृहस्थानें नवा करार दिला. तो त्यांनीं वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ती बातमी लक्ष्मीबाईंवर विजेसारखी कोसळली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सव्वीस. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या लेखीं तो मेलेला. कपाळीं कुंकू आहे, पण सवाष्ण म्हणून मान नाहीं. नातलगांच्या आश्रयानें जलालपूर, नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणीं त्यांनीं सुमारें पांच वर्षें काढलीं. अन्न गोड लागेना, झोंप येईना, प्रकृति इतकी ढांसळली कीं आप्तांस त्यांच्या जिवाची व बुद्धीचीही काळजी वाटूं लागली. पण याच काळांत एक आश्चर्य घडलें. ज्या बाईला धड लिहितां येत नव्हतें, तिच्या मुखांतून कविता निघूं लागली. त्या वेळीं त्यांचा ख्रिस्तावर विश्वास नव्हता. किंबहुना ज्यानें आपला संसार मोडला तो हाच, अशीच त्यांची समजूत होती. तरी ज्या देणगीनें पुढें त्या त्याच प्रभूचें चरित्र गाणार होत्या, ती देणगी त्यांच्या पदरांत पडली ती या अंधाऱ्या पांच वर्षांत.

अखेर लहानग्या दत्तूला घेऊन त्या पतीकडे नगरास आल्या. आल्या त्या आपला धर्म संभाळूनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळें. टिळकांनीं या बाबतींत त्यांच्यावर जुलूम केला नाहीं. मग राहुरीस असतांना एका रात्रीं त्यांच्या मनांत विचार सुरू झाला. देवानें पशूंच्या व पक्ष्यांच्या जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात. माणसांतील ब्राह्मण व महार हा भेद मात्र कोणत्या खुणेनें ओळखावा? हा भेद देवाचा नव्हे, माणसाचा, अशी त्यांची खात्री झाली, आणि ज्या सोंवळ्यांत त्यांचें बालपण बांधलें गेलें होतें तें एका रात्रींत गळून पडलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

तो काळ कसा होता हें या जिल्ह्यांत वेगळें सांगावयास नको. १८९९-१९०० चा दुष्काळ म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडचा छप्पनचा दुष्काळ. गुरें मेलीं, गांवें ओस पडलीं, आईबापांवेगळीं झालेलीं मुलें मिशनच्या दारीं आलीं. टिळकांच्या घरींही अशीं मुलें राहिलीं व लक्ष्मीबाई त्यांची आई झाल्या. दुष्काळामागून प्लेग. मिशनच्या शाळेंतील मुलींना प्लेग झाला, तेव्हां गांवाबाहेरील छावणींत त्यांच्याबरोबर राहावयास कोण जाणार असा प्रश्न पडला, आणि लक्ष्मीबाई गेल्या. ज्या हातांना लहानपणीं परक्याचा स्पर्श हा विटाळ म्हणून शिकविलें होतें, त्याच हातांनीं त्या कोणाच्या कोण मुलींचीं अंगें पुसलीं व त्यांच्या उशाशीं रात्री जागून काढल्या. देवाचें सामर्थ्य म्हणजे मेघगर्जनाच असें समजणाऱ्यांनीं या हातांकडे पाहावें. भिंती पाडणारें सामर्थ्य याहून मोठें तें कोणतें?

नगरचें टिळकांचें घर पुढें मराठी कवितेचें माहेरघर झालें. बालकवि ठोंबरे त्या घरीं राहिले व लक्ष्मीबाईंनीं त्यांना पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून ते वारले. टिळकांनीं १९०९ सालीं ख्रिस्तायन हें ओवीबद्ध महाकाव्य आरंभिलें होतें. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून त्यांनीं देवाचा दरबार उभारला, आणि घरांत पुन्हां एकदां उद्यांची काळजी आली. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते प्रभूकडे गेले. सुमारें एका वर्षाच्या अंतरानें मुलासारखा कवि गेला, पति गेला, आणि ख्रिस्तायनाचे आरंभींचे कांहीं अध्याय मात्र मागें राहिले.

लक्ष्मीबाई तेव्हां पन्नाशीला टेकल्या होत्या. जोडाक्षरें त्यांना शेवटपर्यंत नीट साधलीं नाहींत असें सांगतात. तरीही पतीचें अपुरें काव्य त्यांनीं हातीं घेतलें. पुढें दत्तूच्या संसाराबरोबर त्या कराचीस गेल्या. तेथेंही ओवी थांबली नाहीं. ख्रिस्तायनाचे चौसष्ट अध्याय त्यांनीं रचले. ज्याच्यामुळें आपलें घर उद्ध्वस्त झालें असें त्यांना एके काळीं वाटलें होतें, त्या प्रभूची कथा त्यांनीं आपल्या उतारवयाचीं वर्षें वेंचून गाइली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिकास त्यांचा अंत झाला. उरलेला शेवट देवदत्तांनीं पुरा केला व १९३८ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाप, आई व मुलगा अशा तिघांच्या हातांनीं मिळून लिहिलेलें असें दुसरें मराठी काव्य क्वचितच असेल.

त्यांचें आत्मचरित्र, स्मृतिचित्रें, याचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. वडिलांच्या चरित्रासाठीं मुलानें आईकडे आठवणी मागितल्या, त्यांतून हा ग्रंथ झाला. त्यांत पतीचे दोष झांकलेले नाहींत, स्वतःचा अडाणीपणा झांकलेला नाहीं, उपासमार झांकलेली नाहीं. परंतु पानोपानीं वाचक हंसतो. ज्या जखमा चिघळतात त्यांच्यावर हंसतां येत नाहीं. भरून आलेल्या जखमांवरच हंसतां येतें. पतीला क्षमा केली असें त्या कोठें मिरवीत नाहींत. पण ती क्षमा वाक्यावाक्यांत आहे.

विद्यार्थिमित्रहो, दुःख हेंच चांगलें असें या चरित्रावरून कोणी समजूं नये. दुष्काळ, प्लेग, पतीचा वियोग हीं देवानें आपला महिमा दाखविण्यासाठीं मुद्दाम पाठविलीं, असें म्हणणें म्हणजे त्या दयाळु पित्यावर आळ घेणें होय. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें. प्रभूनें मागच्या पापाचा शोध केला नाहीं. त्या माणसामध्यें देवाचें कार्य पुढें काय होणार आहे तिकडे त्यानें त्यांची दृष्टि वळविली, आणि लगेच त्याचे डोळे उघडले. लक्ष्मीबाईंच्या बाबतींतही तसेंच झालें. त्यांच्या दुःखाचें कारण आपणांस पुरतें सांगतां येणार नाहीं. पण त्या दुःखांतून देवानें काय घडविलें तें आपण मोजूं शकतों: पोरक्या मुलांना आई मिळाली, रोगी मुलींना सोबत मिळाली, मराठी भाषेला एक अमर ग्रंथ व ख्रिस्ती मंडळीला एक महाकाव्य मिळालें.

आपल्यांपैकीं कोणाच्या घरीं आजार असेल, कोणाचें छत्र हरपलें असेल, कोणाची फी भरण्यासाठीं आई दुसऱ्याच्या शेतांत खुरपत असेल. अशा घरांत देव नाहीं असें मानूं नका. जो राहुरीच्या त्या रात्रीं व प्लेगच्या छावणींत होता, तो तेथेंही आहे. त्याचें तेज एकदम डोळ्यांत भरेल असें नाहीं. परंतु समोर आलेलें काम हातीं घ्या, शेजारच्या दुःखिताच्या उशाशीं बसा, आणि प्रार्थना सोडूं नका. म्हणजे ज्याला आपण अंधार म्हणत होतों त्यांतच तो आपल्यापाशीं बसला होता, हें तुम्हांला हळूहळू उमगेल.