एक्सप्लेनर : ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींना भूमिगत का व्हावे लागले?

शिंदखेडा : साने गुरुजी म्हटले की डोळ्यांसमोर येते ‘श्यामची आई’ आणि एक हळवे, मातृभक्त लेखक. पण याच कवीला खानदेशाने लढताना आणि तुरुंगात जातानाही पाहिले आहे.

खानदेशाशी नाते कसे जुळले?
पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. एम.ए. झाल्यावर ते शिंदखेड्याशेजारच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची सेवा त्यांनी आईच्या मायेने केली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले.

तुरुंगात काय घडले?
१९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती १८ प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज वाचायला मिळते. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली.

कवितांची भीती कोणाला वाटली?
‘पत्री’ हा त्यांचा कवितासंग्रह. ‘बलसागर भारत होवो’ ही त्यातलीच कविता. लोकांवरचा तिचा प्रभाव पाहून ब्रिटिश सरकारने संग्रहाच्या प्रती जप्त केल्या. पण तोंडपाठ झालेली कविता जप्त कशी करणार?

१९४२ मध्ये काय केले?
दुसरे महायुद्ध पेटले असताना ‘चले जाव’ची हाक आली. नेते पकडले गेले. गुरुजी भूमिगत झाले आणि पोलिसांना चुकवत कार्यकर्त्यांना धीर देत राहिले. १९४३ मध्ये मुंबईत त्यांना अटक झाली. ते कैदेत असतानाच १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे येथे क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. मार्ग वेगळे होते, पण लढा एकच होता. १९४५ मध्ये गुरुजी सुटले.

स्वातंत्र्यानंतर लढा संपला का?
नाही. परकी सत्ता जाण्याआधीच त्यांनी घरातल्या अन्यायाला हात घातला होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे, यासाठी मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले आणि दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मात्र गांधीहत्येने आणि भोवतालच्या परिस्थितीने ते खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली.

‘साधना’ आजही निघते. जप्त झालेली ती कविता तर शाळाशाळांत गायली जाते.