ऑलिव्हर एल्सवर्थ : तडजोडीचे दोन परिणाम

राज्यघटनेतील कलमे आपण अभ्यासतो. ती कलमे व्यवहारात उतरवणाऱ्या व्यक्ती मात्र बहुधा अपरिचित राहतात. अमेरिकेतील ऑलिव्हर एल्सवर्थ (१७४५–१८०७) हे अशांपैकी एक होत.

कनेक्टिकटमधील विंडसर येथे जन्मलेल्या एल्सवर्थ यांनी १७७१ मध्ये वकिली सुरू केली. प्रारंभी उत्पन्न इतके तुटपुंजे होते, की हार्टफर्डच्या न्यायालयात ते पायी जात. पुढे ते राज्यातील अग्रगण्य वकील बनले.

१७८७ च्या फिलाडेल्फिया घटना परिषदेत प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर मोठी व लहान राज्ये अडून बसली. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार आणि सिनेटमध्ये समान प्रतिनिधित्व, या तडजोडीचा एल्सवर्थ व रॉजर शर्मन यांनी आग्रह धरला. त्याच परिषदेत, गुलामगिरीचा निर्णय ज्या त्या राज्याने करावा, असे मतही एल्सवर्थ यांनी मांडले.

१७८९ मध्ये ते सिनेटर झाले. त्या वर्षीच्या न्यायव्यवस्था कायद्याचा मसुदा मुख्यत्वे त्यांचाच. सर्वोच्च न्यायालयाची न्यायाधीशसंख्या सहा ठरली, १३ जिल्हा न्यायालये स्थापन झाली आणि राज्य न्यायालयांचे काही निर्णय तपासण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयास मिळाला. १७९६ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. फ्रान्समधील राजनैतिक कामगिरीवर असताना प्रकृती ढासळल्याने १८०० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तडजोडीच्या वृत्तीने संघराज्य उभे राहिले, तसाच गुलामांचा प्रश्नही लांबणीवर पडला. त्या सभागृहात गुलामांचा प्रतिनिधी नव्हता, हे ध्यानात ठेवून तुम्ही या कार्याचे मूल्यमापन करा.