अर्भकांचे दृष्टिदाते : डॉ. कार्ल क्रेडे

बालकाने जन्मास यावे आणि मातेचे मुख ओळखू लागण्यापूर्वीच त्याची दृष्टी कायमची नाहीशी व्हावी, याहून करुण गोष्ट ती कोणती? एकोणिसाव्या शतकात युरोपातील सूतिकागृहांत ही गोष्ट वारंवार घडत असे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत अर्भकाच्या पापण्या सुजत, डोळ्यांतून दाट पू वाहू लागे, आणि अखेरीस बुबुळावर व्रण होऊन फूल पडे. अंधशाळांतील कित्येक मुले या एकाच रोगाची बळी असत. हे संकट टाळण्याचा उपाय ज्यांनी रूढ केला, ते डॉ. कार्ल सीगमुंड फ्रान्झ क्रेडे होत.

क्रेडे यांचा जन्म २३ डिसेंबर १८१९ रोजी बर्लिन येथे झाला. वैद्यकाचे अध्ययन पुरे केल्यावर १८५२ मध्ये ते बर्लिन येथील सुइणींच्या शाळेचे प्रमुख झाले. १८५६ मध्ये लायप्झिग येथे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक व सूतिकागृहाचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रसूतीनंतर वार पाडण्याची त्यांची हस्तक्रियाही वैद्यकात प्रसिद्ध आहे.

१८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी गोनोकॉकस नावाचा जंतू शोधून काढला. मातेच्या शरीरात असलेला हाच जंतू प्रसूतीच्या वेळी बालकाच्या डोळ्यांत शिरतो. क्रेडे यांनी प्रथम मातांची जंतुनाशक द्रवाने शुद्धी करून पाहिली. परंतु रोग समूळ गेला नाही. तेव्हा त्यांनी आपले लक्ष बालकाच्या डोळ्यांकडेच वळविले. जन्मताच पापण्या स्वच्छ पाण्याने पुसावयाच्या, आणि काचेच्या कांडीने सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावाचा एकेक थेंब प्रत्येक डोळ्यात सोडावयाचा, एवढाच तो उपचार. १८८० मध्ये त्यांनी तो सूतिकागृहातील सर्व अर्भकांस सुरू केला. नियम सर्वांस सारखाच असल्यामुळे कोणा मातेची चौकशी करून तिला लज्जित करण्याचे कारण उरले नाही. पूर्वी शंभरांतील सुमारे दहा बालकांस होणारा हा रोग आता शंभरांत एकासही होईना!

१८८४ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि ही पद्धत देशोदेशी पसरली. १४ मार्च १८९२ रोजी लायप्झिग येथे त्यांचे देहावसान झाले. सिल्व्हर नायट्रेटने डोळे चुरचुरत व लाल होत. म्हणून पुढे अनेक ठिकाणी त्याच्या जागी एरिथ्रोमायसिनचे मलम आले. तत्त्व मात्र क्रेडे यांचेच राहिले.

ते तत्त्व असे की, जंतूने डोळ्यात ठाण मांडण्यापूर्वीच त्यास अटकाव करावा. विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी जे डोळ्यांत मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालीत असतील, त्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. न धुतलेल्या हातांनी लेन्स हाताळणे, ती नळाच्या पाण्यात ठेवणे किंवा तशीच घालून निजणे, यांमुळे बुबुळास जंतुजन्य व्रण होण्याचा धोका वाढतो. दृष्टी गेल्यावर शोक करण्यापेक्षा ती जपण्याचे अल्प कष्ट घेणे, हेच क्रेडे यांच्या चरित्राचे सार होय.