विहिरीतलं पाणी वर आणणारा माणूस: लक्ष्मणराव किर्लोस्कर

सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांतल्या जुन्या माणसांनी मोट पाहिलेली आहे. बैलजोडी धावेवरून खाली उतरायची, नाडा ताणला जायचा, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतायची आणि बैल पुन्हा मागे सरकत वर चढायचे. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हेच. एवढं करून भिजायचं किती, तर जमिनीचा एक तुकडा. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याची विहीर भरलेली असली तरी शेत कोरडंच राहायचं.

ही मोट आपल्या भागातून हळूहळू गेली ती एका कारखान्यामुळे. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत 1926 साली भारतातला पहिला सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्या कारखान्यामागच्या माणसाबद्दल आम्ही आज लिहितोय.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना खरं तर चित्रकार व्हायचं होतं. वडिलांच्या मनाविरुद्ध ते 1885 मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण हात रेषेवर पक्का होता. रंग सोडून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तेच शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच. त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर आला. नांगर मात्र कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडायला वर्षं गेली. कुठे धंदा उभा राहतोय तोवर नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. चाळिशीतला माणूस, अंगावर यंत्रं आणि कामगारांची जबाबदारी, आणि उभं राहायला जागा नाही.

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, पण त्या संस्थानाचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. त्यातला एक तुकडा कुंडल रोड स्टेशनजवळचा. तिथला 32 एकरांचा माळ राजांनी दिला. निवडुंग माजलेला, नागांनी भरलेला. 10 मार्च 1910 रोजी तिथे काम सुरू झालं. पुढे वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव पडलं आणि स्टेशनलाही तेच. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर केले गेले.

लक्ष्मणरावांची एक गोष्ट आम्हाला कारखान्याहून मोठी वाटते. ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का होता अशा माणसांना त्यांनी वाडीची राखण करायला ठेवलं. वस्तीत शिवाशीव पाळू दिली नाही. त्या काळी हे सोपं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही.

आता पंपाकडे येऊ. मोट पाणी उचलते. सेंट्रिफ्युगल पंप पाणी फिरवतो. आतलं पात्यांचं चाक वेगाने फिरलं की पाणी कडेला फेकलं जातं. भोवतालच्या शंखासारख्या कवचात त्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. त्या दाबाने पाणी पाइपातून वर चढतं. चाकाच्या मध्यभागी मात्र दाब घटतो, आणि विहिरीच्या पाण्यावर हवेचा जो भार असतो तो नवं पाणी आत ढकलतो. म्हणजे पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण वर ढकलते ती हवा. आणि हवेची ताकद 10 मीटरच्या आसपास संपते. घर्षण, गळती धरून प्रत्यक्षात 6-7 मीटरच हाती लागतात. म्हणूनच आपल्या खोल विहिरींत पंप वर काठावर न ठेवता आत, पाण्याजवळच्या कट्ट्यावर बसवावा लागायचा. इंजिन कितीही मोठं आणा, हा हिशेब बदलत नाही.

पंपाने हवा धरली की काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. चाक गरगर फिरतं, पाणी येत नाही. हवा इतकी हलकी की ती फेकून पुरेसा दाबच तयार होत नाही. म्हणून आधी पंप पाण्याने भरून घ्यायचा, आणि ते पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून पाइपाच्या तळाला फुटव्हॉल्व्ह. आपले शेतकरी त्याला सरळ फुटबॉल म्हणतात. काम एकच: पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही.

असे चार फुटबॉल प्रत्येकाच्या छातीत आहेत. हृदयाच्या झडपा हेच करतात. एका ठोक्याला साधारण 70 मिलीलीटर, मिनिटाला सुमारे 5 लीटर, दिवसाला 7 हजार लीटर रक्त हृदय पुढे ढकलतं. त्यातली एखादी झडप गळकी झाली तर काही रक्त मागे येतं आणि तेच रक्त हृदयाला पुन्हा ढकलावं लागतं. या जादा कामाने हा स्नायू थकतो. पंपाला आपण हेड विचारतो, म्हणजे पाणी किती उंच जाणार. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा 120 धरला, तर तो सुमारे 1.6 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब आहे. डॉक्टर पाऱ्यात मोजतात, शेतकरी मीटरमध्ये. मोजतात दोघेही दाबच.

हे नातं जुनं आहे. डायरबकिरच्या अल-जझरीने 1206 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात दट्ट्याचा दुहेरी पंप आहे, झडपांसकट. त्याच शतकात, 1242 मध्ये, दमास्कसकडच्या इब्न अल-नफीसने लिहून ठेवलं की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या भिंतीतून डावीकडे झिरपत नाही, ते फुफ्फुसांतून फिरून येतं. द्रव नळीतून कसा वाहतो याचा प्रसिद्ध नियम 1840 च्या दशकात मांडणारा प्वाझय हा तर फ्रेंच डॉक्टर होता, आणि तो शोधत होता बारीक रक्तवाहिन्यांचं कोडं. त्याचा नियम आज इंजिनियरही वापरतात: दाब तोच ठेवून नळीचा व्यास अर्धा केला, तर प्रवाह अर्धा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. शेताच्या पाइपात पाणी खळाळत जातं, तिथे आकडा वेगळा येतो, पण मार बसतोच. चार पैसे वाचवायला बारीक पाइप घेणाऱ्याचं वीजबिल वाढतं. आणि धमनीत चरबीचा थर बसलेल्याच्या छातीत जिना चढताना का दुखतं, तेही यातच आलं.

किर्लोस्करवाडीत पंपाची कल्पना जन्मली नव्हती, ती युरोपातून आली. लक्ष्मणरावांचं मोठेपण वेगळं होतं. ते यंत्र त्यांनी इथे, इथल्या कामगारांच्या हातून, इथल्या शेतकऱ्यासाठी घडवून घेतलं, आणि बिघडलं तर गावातला फिटर उघडू शकेल अशा टप्प्यात ते आणलं. आपल्या समाजातल्या कितीतरी पोरांनी पुढे मोटार रिवायंडिंगची, पंपदुरुस्तीची दुकानं टाकली, ती याच पंपांवर.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. तेव्हा किर्लोस्करवाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात होती, सांगली हे जिल्ह्याचं नाव 1960 मध्ये आलं. आज ताकारी, म्हैसाळ आणि कऱ्हाडजवळच्या टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवलं जातं. टेंभूचं पाणी आटपाडीपर्यंत पोहोचतं, आणि आटपाडीही एके काळी औंध संस्थानातच होती. दुसरीकडे, हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात तेव्हा रक्त फिरवायला अनेक ठिकाणी सेंट्रिफ्युगल पंपच लावतात. तत्त्व विहिरीवरचंच, फक्त चाक असं घडवावं लागतं की फिरताना लाल पेशी फुटू नयेत.