कोर्टाचा हुकूम झाला, तरी रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत

मुदखेड : लग्नसराई आली की मराठवाड्यात कुठे ना कुठे बालविवाह थांबवल्याची बातमी येतेच. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून आईबाप लग्न उरकून टाकतात. मग पारावर चर्चा सुरू होते. आमच्या रिवाजात सरकारचा कायदा कशाला? हा वाद नवा नाही. 140 वर्षांपूर्वी तो मुंबईच्या हायकोर्टात गाजला होता आणि त्याच्या मध्यभागी होत्या रखमाबाई राऊत.

रखमाबाईंचा जन्म 1864 चा, सुतार समाजातला. लहानपणीच वडील वारले. सुतारांत विधवेच्या लग्नाला मोकळीक होती, म्हणून आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. पण त्या सासरी गेल्या नाहीत, माहेरीच राहून शिकल्या. 1884 साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये दावा फेटाळला. असा दावा मूळ हिंदू शास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आलाय, हे त्यांनी दाखवून दिलं. इंग्लंडने तर त्यातली तुरुंगाची शिक्षा 1884 लाच काढून टाकली होती. यावर मोठा गदारोळ झाला. धर्मात ढवळाढवळ नको म्हणून टिळकांचा केसरी विरोधात उभा राहिला. गंमत बघा, धर्म वाचवायला निघालेली मंडळी साहेबाच्याच कायद्याचा आधार घेत होती.

अपिलानंतर मार्च 1887 मध्ये निकाल उलटला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली. न कळत्या वयात, आपल्याला न विचारता लागलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. शेवटी 1888 मध्ये दादाजींनी 2000 रुपये घेऊन तडजोड केली. म्हणजे सुटका पैशाने झाली, पोरीच्या मर्जीला कोर्टात किंमत मिळाली नाही.

पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. 1895 पासून सुरत आणि नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य घालवलं. पुन्हा लग्न केलं नाही. 1904 ला दादाजी वारले, तेव्हा मात्र रिवाजाप्रमाणे विधवेचं पांढरं लुगडं नेसल्या. सगळाच रिवाज त्यांनी झुगारला नव्हता. आपल्यावर लादलेलं तेवढंच नाकारलं.

त्यांच्या खटल्याने पेटलेल्या चर्चेतून 1891 चा संमतिवयाचा कायदा पुढे आला. वय 10 वरून 12 झालं. आपला नांदेड भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, इंग्रजांचा कायदा इथे लागू नव्हता. आज मात्र देशभर मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षं पूर्ण लागतात. 25 सप्टेंबर 1955 रोजी रखमाबाई गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि नांदायला लावायचा दावा त्याच्या कलम 9 मध्ये आजही आहे.

रिवाज आणि कायदा भांडत राहतील. ज्या पोरीचं लग्न आहे, तिला आधी कोणी विचारलं का, एवढंच बघायचं. गावात बालविवाह ठरत असेल तर ग्रामसेवकाला सांगा, नाहीतर 1098 वर फोन करा.