तान्ह्या बाळासह तुरुंगात, पुढे उपसभापती!

महिला मंडळात राजकारणातल्या बायकांचा विषय निघाला, की गाडी इंदिराजींपासून सुटते आणि प्रतिभाताई पाटलांपाशी थांबते. मध्येच मी व्हायोलेट आल्वा हे नाव घेतलं, तर हमखास प्रश्न येतो, या कोण गं? म्हणून मैत्रिणींनो, आज त्यांच्याविषयी.

व्हायोलेट हरी यांचा जन्म १९०८ चा, अहमदाबादचा. वडील लक्ष्मण हरी ख्रिस्ती धर्मगुरू. नऊ भावंडांत ही आठवी. सोळाव्या वर्षी आई-वडील दोघांचंही छत्र हरपलं. पण थोरल्या भावंडांनी शिक्षण थांबू दिलं नाही. मुंबईत सेंट झेवियर्समधून पदवी, मग कायद्याचं शिक्षण. १९३७ मध्ये जोकिम आल्वा यांच्याशी विवाह होऊन त्या कॅथलिक घरात सून म्हणून आल्या. जोकिम वकील, पत्रकार आणि स्वातंत्र्यसैनिक. संसार आणि चळवळ दोन्ही एकाच छपराखाली!

१९४३ मध्ये इंग्रजांनी व्हायोलेटबाईंना अटक केली, तेव्हा मुलगा निरंजन जेमतेम पाच महिन्यांचा. त्याला कडेवर घेऊनच त्या आर्थर रोड तुरुंगात गेल्या. घरच्या घरी तान्हं बाळ सांभाळताना आपली किती तारांबळ उडते, ते आठवून बघा. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे त्यांनी खटला चालवला. देशात असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला वकील. त्याच सुमारास त्यांनी बायकांसाठी मासिकही काढलं.

मला मात्र त्यांचं सर्वांत जवळचं वाटतं ते वेगळंच काम. १९४८ ते १९५४ अशी सहा वर्षं त्या मुंबईच्या बाल न्यायालयाच्या अध्यक्ष होत्या. नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना चोरीच्या प्रकरणात सापडलेली पोरं मी पाहते. त्यांना गुन्हेगार म्हणणं सोपं, लेकरू म्हणून जवळ घेणं कठीण. त्यामुळे या कामाचं मोल मला कळतं.

१९५२ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि जोकिम लोकसभेवर. संसदेतलं हे पहिलं दांपत्य. १९५७ मध्ये त्या केंद्रात गृहखात्याच्या उपमंत्री झाल्या, तेही पंडित पंत गृहमंत्री असताना. १९६२ मध्ये राज्यसभेच्या उपसभापती. त्या सभागृहाचं कामकाज चालवणारी ही पहिली स्त्री. सात वर्षं त्यांनी ती खुर्ची सांभाळली.

१९६९ मध्ये उपराष्ट्रपतिपद रिकामं झालं. एवढ्या अनुभवानंतर आपला विचार होईल, असं त्यांना वाटलं तर त्यात गैर काय? पण इंदिराजींनी पाठिंबा दिला नाही. आणि तेव्हा पंतप्रधानपदी एक बाईच होती! १६ नोव्हेंबरला व्हायोलेटबाईंनी राजीनामा दिला आणि २० नोव्हेंबरला मेंदूतल्या रक्तस्रावाने त्या गेल्या.

ज्या निरंजनला घेऊन त्या तुरुंगात गेल्या, त्याचीच पत्नी मार्गारेट आल्वा. पुढे त्याही केंद्रात मंत्री झाल्या. २०२२ मध्ये त्या उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढल्या आणि हरल्या. देशाला दोन महिला राष्ट्रपती मिळाल्या, पण उपराष्ट्रपतिपदी अजून एकही स्त्री बसलेली नाही. बचत गटातल्या माझ्या मैत्रिणी गटाच्या अध्यक्ष होतात, वॉर्डात निवडूनही येतात. पण त्यापुढची पायरी आली, की घरचे आणि पक्षाचे, दोघंही म्हणतात, आता पुरे. हे पुरे कुणी ठरवायचं?